बाचीपातुर सून, शिनोळीत लेक: एका गाण्याची गोष्ट

२०२४ चा जून, कर्नाटकी बेंदूर तीन-चार दिवसांवर आलेला, आणि मी बेळगावच्या उद्यमबागमधल्या कारखान्यातली पहिली शिफ्ट संपवून सीबीटी म्हणजे मोठ्या बस स्टँडवरनं वेंगुर्ला रोडच्या गाडीत चढलो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. ११ जून २०२३ ला कर्नाटकात बायकांना बस फुकट करणारी शक्ती योजना सुरू झाली तेव्हापासून आमच्याकडच्या गाड्यांत बायकांचीच गर्दी असते, आणि मला ते बघून मनापासून बरं वाटतं, कारण ज्या बायका वर्षातनं एकदा पंचमीला माहेरी जायच्या त्या आता मनात आलं की पिशवी उचलतात आणि निघतात. माझ्या पुढच्या सीटवर आमच्या गल्लीतल्याच वैनी बसल्या होत्या, मांडीवर कुंद्याचा बॉक्स, पायाजवळ पिशवी. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, "एल्लिगे?", म्हणजे कुठं. वैनींनी आधार कार्ड पुढं केलं, "बाची" म्हणाल्या, शून्य रुपयाचं तिकीट हातात आलं. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "बाचीला कोण गे तुझं?"

"बाचीला कोण नाही गे. तितनं चालत शिनोळी, मग एसटी. नाक्यापातुर सून हाय मी, नाका वलांडला की लेक झालो."

एवढंच. शेजारची बाई "होय की" म्हणाली आणि दोघी कांद्याच्या दरावर बोलायला लागल्या. मी फाट्यावर उतरलो आणि घरापर्यंत ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणत आलो, कारण खिशात पेन नव्हतं, मोबाईल बंद पडला होता, आणि असं वाक्य एकदा निसटलं की परत सापडत नाही हे मला वीस वर्षांच्या अनुभवानं माहीत आहे. निसटतं म्हणजे अर्थ आठवतो, पण शब्दांचा क्रम जातो, आणि गाणं त्या क्रमातच असतं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. बाची हे वेंगुर्ला रोडवरचं कर्नाटकातलं गाव, तिथनं थोडं पुढं गेलं की शिनोळी, तो चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. कर्नाटकच्या गाडीत बायकांना राज्याच्या हद्दीत तिकीट नाही. तिकडं महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळं आमच्याकडं चंदगडच्या माहेरवाशिणींचा हिशोब असा असतो की हद्दीपर्यंत फुकट यायचं, थोडं चालायचं, पुढं निम्म्या तिकिटात जायचं. माणसं तीच, भाषा तीच, भात तोच, मधे फक्त एक पाटी. आणि हो, आमच्याकडं बायका बोलताना "मी आलो, मी गेलो" असंच म्हणतात, कोल्हापूरकडंही तसंच आहे, त्यामुळं "लेक झालो" वाचून कोणाला टायपिंगची चूक वाटू नये.

मी गावात गाणी लिहितो. म्हणजे गौरीच्या झिम्मा-फुगडीला बायकांसाठी, भजनी मंडळाला, गावच्या महालक्ष्मी यात्रेला, शिवजयंतीच्या चित्ररथासाठी एखादा पोवाड्याचा तुकडा, असं. पोटापाण्याला लेथ मशीन आहे. लोक विचारतात, दादा तुम्हाला सुचतं कुठनं, डोंगरावर जाऊन बसता काय? मी राजहंसगडावर जाऊन बसलोय की, दोन-तीन वेळा, वही घेऊन, वारं खूप छान होतं पण एक ओळ आली नाही. कारण डोंगर काही बोलत नाही. मला माणसानं बोललेलं लागतं. आणि तेही कामात असताना बोललेलं, कारण कामात असलेला माणूस शब्द वाया घालवत नाही.

नवरात्राच्या आधी आमच्या पश्चिम भागातली रताळी मार्केटला जातात, पोत्याच्या पोती. एकदा एक म्हातारा शेतकरी पोत्यावर बसून अडत्याला म्हणाला होता, "उपास तुमचा, पोट माझं." त्याच्यावर मी भजनी मंडळासाठी एक भारूड केलं, ते अजून म्हणतात. निपाणीकडं आमची एक मावशी तंबाखूच्या वखारीत कामाला होती, ती सांगायची की लेकराला दूध पाजायच्या आधी हात तीन वेळा धुवायचा आणि तरी लेकरू तोंड फिरवायचं. ते वाक्य मी दहा वर्षं बाळगलं आहे, त्याचं गाणं अजून झालेलं नाही. १९८१ ला निपाणीत शरद जोशींनी तंबाखूवाल्या शेतकऱ्यांचं आंदोलन उभं केलं, त्याची भाषणं, घोषणा, सगळं लोकांच्या बोलण्यात आहे, पण मला मात्र त्या तीन वेळा धुतलेल्या हाताचं गाणं करायचंय आणि ते जमत नाही, दरवेळी फार मोठ्यानं बोललं जातं. अशी बाळगलेली वाक्यं माझ्याकडं चाळीस-पन्नास असतील, काही जॉब कार्डच्या मागच्या बाजूला खडूनं लिहिलेली होती ती पुसली पण गेली.

माझा पुण्याला असलेला भाचा गिटार वाजवतो, तो मला एकदा म्हणाला, मामा तू जे करतोस त्याला अमेरिकेत कंट्री म्हणतात. मला ते नाव माहीत नव्हतं, त्यानं फोनवर लावून दिलं, शब्द कळले नाहीत, पण चाल कळली, ती बसलेल्या माणसाची नाही, कामावरनं आलेल्या माणसाची चाल होती. मग त्यानं सांगितलं ते मला कायमचं लक्षात राहिलं. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ब्रिस्टल नावाच्या गावात राल्फ पीअर नावाच्या माणसानं रेकॉर्डिंगचं सामान मांडलं आणि आजूबाजूच्या डोंगरातल्या माणसांना गायला बोलावलं. तिथं जिमी रॉजर्स आला, तो रेल्वेत ब्रेकमन म्हणून काम केलेला. कार्टर फॅमिली आली, त्यातला ए. पी. कार्टर फळझाडांची रोपं विकत फिरायचा आणि फिरता फिरता लोकांकडनं गाणी गोळा करायचा. त्या गाण्यांपासून हा सगळा प्रकार देशभर गेला म्हणतात. आणि ब्रिस्टल हे गाव कसं आहे माहीत आहे? अर्धं टेनेसी राज्यात, अर्धं व्हर्जिनिया राज्यात, गावच्या मेन रोडच्या मधोमध दोन राज्यांची हद्द जाते. मी भाच्याला म्हटलं, म्हणजे आमच्यासारखंच की. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतकं बरं वाटलं. लांब कुठंतरी हद्दीवरच्या माणसांना पण गाणं लागलं होतं, आणि तिकडं पण रेल्वेवाला आणि रोपं विकणारा, कोणी पंडित नव्हे.

तर वैनींचं वाक्य. घरी आलो, चहा पण न घेता वहीत उतरवलं आणि रात्री जेवून गाणं करायला बसलो. आणि तिथंच चूक झाली, कारण मी "गाणं करायला" बसलो. सीमा म्हटलं की आमच्या भागात माणसाच्या अंगात एकदम काहीतरी येतं, १९५६ ला आमचा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात घातला तेव्हापासूनचं सगळं येतं, घरात त्याचीच बोलणी ऐकत मोठे झालोय आम्ही. माझ्या हातनं उतरलं ते असं:

सीमेच्या तारांवरती
रक्ताळले माझे माहेर
आसवांच्या नदीला या
कोण देईल आज आहेर

मला ते फार भारी वाटलं. सकाळी आत्तीकडं गेलो.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या पुढं, नवरा गेल्यावर आमच्याकडंच परत आली. तिला लिहिता-वाचता येत नाही आणि तिच्याइतकी गाणी मी कोणाकडं ऐकली नाहीत. मी वाचून दाखवलं. ती परड्यात शेंगा फोडत बसली होती. पूर्ण ऐकून घेतलं आणि काळजीनं विचारलं, "कोण मेलं रे?" मी म्हटलं, कोण नाही आत्ती, माहेरचं गाणं आहे. तर म्हणाली, "मग रगत कुणाचं सांडलंय? माहेराला निघालेल्या बाईच्या तोंडात रगत येईल व्हय? ती कुंदा घेऊन निघाली म्हणालास की."

ते वाक्य ऐकून मी वही मिटली. ती बरोबर होती. बसमधली बाई रडत नव्हती. ती खूश होती. तिनं ते "लेक झालो" म्हटलं तेव्हा तिच्या आवाजात सासरच्या पदराची गाठ सुटल्यासारखं होतं. आणि मी तिच्या खुशीवर माझं दुःख नेऊन ठेवलं.

इथं आत्तीचं जातं सांगितलं पाहिजे, कारण माझं सगळं शिक्षण तिथं झालं. सात-आठ वर्षांपूर्वी मी मोबाईल घेऊन तिच्यापुढं बसलो, म्हटलं आत्ती जात्यावरच्या ओव्या म्हण, मी रेकॉर्ड करतो. ती एक म्हणाली, दुसरी अर्धी म्हणाली आणि थांबली. आठवंना. मला वाटलं वय झालं, गेलं सगळं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्याबद्दल मी वाचलं होतं, आणि मला फार वाईट वाटलं की माझ्या घरातल्याच मला मिळाल्या नाहीत. मग ती स्वतःच म्हणाली, "जातं काढ." आमचं जातं परड्यात नळाजवळ पडलं होतं, त्याच्यावर बादली ठेवायचे. मी आणि पोरगा मिळून ते सोप्यात आणलं, धुतलं, खुंटा सैल झाला होता त्याला चिंधी गुंडाळून ठोकून बसवलं. टाकी लागून वीस वर्षं झाली असतील त्यामुळं दाणा नीट भरडंना, पण तिला त्याचं काही नव्हतं. सूप जवळ घेतलं, एक पाय लांब केला, एक दुमडला, उजव्या हातानं खुंटा धरला, डाव्या हातानं मूठभर तांदूळ वैरले आणि जातं फिरवलं. दोन-तीन फेरे नुसतेच गेले. चौथ्या फेऱ्याला तिच्या तोंडातनं ओवी आली, आणि मग एकामागनं एक, पाऊण तास. मधे मधे तिला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं, हे पण होतं काय असं. तिच्या डोक्यातनं गाणं गेलं होतं, पण हातात राहिलं होतं.

तेव्हा मी एक गोष्ट नीट बघितली. जात्याचा एक फेरा म्हणजे ओवीची अर्धी ओळ. फेऱ्याच्या शेवटी हात स्वतःकडं येतो तिथं ती स्वर लांबवते. अक्षरं कमी पडली की "गं" घालते, अजून कमी पडली की "बाई". आम्ही शाळेत शिकलो की अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं असतात, लहान अभंगात आठ-आठ. बायकांच्या ओवीला असं पक्कं माप नाही, माप हाताचं आहे. एखादं अक्षर जास्त झालं तर ती गिळते, कमी झालं तर ओढते, पण फेरा चुकत नाही. आणि जात्यावरचा विषय कुठला? भाऊ, आई, लेकरू, सून, पाऊस, पंढरपूर, शेजारीण, दारातला पाहुणा. जे उठल्यापासून निजेपर्यंत डोळ्यापुढं आहे तेच. आत्तीनं कधी समुद्र बघितला नाही, तिच्या एकाही ओवीत समुद्र नाही.

आमच्याच घरातली धाकटी भावजय बैलहोंगलकडची, कन्नड घरातली. त्या दिवशी ती पण चहा घेऊन सोप्यात आली आणि जात्याजवळ बसली. तिच्या आजीकडं पण अशीच बीसोकल्लावरची, म्हणजे जात्यावरचीच, पदं होती म्हणाली, तीन ओळींची, त्याला त्रिपदी म्हणतात. तिनं एक म्हटलं, आत्तीला कन्नड येतं, दोघी एका जात्यावर समोरासमोर बसल्या, एकच खुंटा दोघींनी धरला. एकीच्या दोन ओळी, दुसरीच्या तीन, आणि जातं एकाच गतीनं फिरत होतं. ते रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे, त्यात मागं कुकरची शिट्टी पण आहे. कोणी मला विचारलं तुमच्याकडं सोनं किती तर मी ते रेकॉर्डिंग लावून दाखवीन.

तर आता परत गाण्याकडं. आत्तीनं रक्ताची ओळ काढायला लावली आणि म्हणाली, ती बाई काय बोलली तेच म्हण. मी म्हटलं, "नाक्यापातुर सून हाय मी, नाका वलांडला की लेक झालो." ती म्हणाली, "नाका म्हणजे कुठला? नाव घाल की गावाचं." मग मी बोटावर मोजत बसलो, शेंगा फोडत फोडत ती पण म्हणत राहिली, आणि अर्ध्या तासात पहिल्या दोन ओळी झाल्या:

बाचीपातुर सून | शिनोळीत झाली लेक
दोन्ही गावांच्या मधी | वढा बाई हाय एक

सात अक्षरं आणि आठ, सात आणि आठ. ओढा मी घातला होता, कारण मधे पाणी असलं की गाणं छान वाटतं. आत्तीनं विचारलं, "तितं वढा कुठाय?" मी म्हटलं, असू दे की, गाण्यात चालतं. नाही म्हणाली. "ज्या बाया रोज तितनं जातात त्या म्हणतील की हे गाणं खोटं. एकदा खोटं म्हटलं की म्हणायच्या न्हाईत." मग काय असतं दोन गावांच्या मधे? शेत. शेताच्या मधे? बांध. वढा दोन अक्षरं, बांध दोन अक्षरं.

दोन्ही गावांच्या मधी | बांध बाई हाय एक

आणि बांध शब्द बसल्यावर गाण्याचा अर्थच बदलला, कारण बांधावरनं भावाभावांची भांडणं होतात, बांध कोरला जातो, बांधावरनं बाई जेवणाची पाटी घेऊन जाते, बांधावर बसून भाकरी खाल्ली जाते. राज्याची हद्द म्हणजे शेवटी कोणाच्या तरी शेतातला बांधच. हे मी ठरवून केलं नाही, खोटं काढताना ते खरं हाती आलं.

दुसरं कडवं त्याच आठवड्यात मशीनवर झालं. लेथवर जॉब लावला, फीड चालू केलं की चार-पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं असतं, हात मोकळे, कान मशीनकडं, कारण आवाज बदलला की टूल गेलं समजायचं. त्या आवाजाला एक ठेका असतो, आणि मी बऱ्याच ओळी तिथंच केल्यात.

हिकडं फुकट गं | निम्मं तिकीट तिकडं
आईच्या वाटेवरी | पाय पडंना वाकडं

निम्मं शब्दासाठी मी खुश होतो. अर्धं हा पुस्तकातला शब्द, आमच्याकडं भाकरी निम्मी, पगार निम्मा, डोकं निम्मं दुखतं.

आता तिसरं. मला त्या गाण्यात २०२२ चा डिसेंबर घालायचा होता. तेव्हा सीमाप्रश्न परत तापला आणि एसटीच्या बेळगावकडं येणाऱ्या गाड्या काही दिवस बंद झाल्या होत्या. त्याच दिवसांत वैनींची आई परड्यात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. वैनी इथं, आई तिथं, मधे चाळीस-पन्नास मिनिटांचा रस्ता आणि गाडी नाही. शेवटी वैनी दुधाच्या टेम्पोतनं बाचीपर्यंत गेल्या, पुढं चालत, आणि शिनोळीला त्यांचा भाऊ स्प्लेंडर घेऊन उभा होता. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मी लिहिलं:

गाड्या झाल्या की बंद | रस्ता झाला माझा वैरी

आणि पुढं अडलो. वैरीला जुळवायला बैरी, कैरी, पैरी, सगळं करून बघितलं, कृत्रिम. एक महिना गेला. मधे रोप लावण आली, सुट्टी काढून शेतात होतो, चिखलात वाकून वाकून कंबर गेली, त्या दिवसांत गाणं डोक्यातपण आलं नाही. मग श्रावणात भांगलणीला बायकांची टोळी आमच्या रानात आली, त्यात वैनी होत्या. दुपारी बांधावर भाकरी खाताना मी धीर करून म्हटलं, वैनी, तुमच्या बोलण्यावरनं एक गाणं चाललंय, चालेल ना? त्या लाजल्या, बाकीच्या बायकांनी म्हणायला लावलं, मी दोन कडवी म्हटली. कोणी काही बोललं नाही पण एकीनं भाकरी खाली ठेवली आणि हातानं टाळीचा ठेका धरला, आणि झिम्म्याचा तो ठेका बरोब्बर बसला. मग मी ती अडलेली ओळ म्हटली, रस्ता झाला माझा वैरी.

वैनी म्हणाल्या, "भावजी, रस्त्याचं काय चुकलं?"

मी गप्प. त्या चटणीचं बोट चाटत सांगायला लागल्या, आमच्याकडं न बघता, समोरच्या भाताकडं बघत. "त्या दिवशी रस्ता मोकळा पडला होता. एक गाडी न्हाई. एवढा लांबपातुर रस्ता मी कधी बघितलाच न्हवता, रोज गाडीतनं बघतो न्हवं. पार वळणापातुर दिसूलाला. आणि त्या टोकाला भाऊ उभा, एवढासा. मला बघून हात केला तसा माझा जीव गोळा झाला बघा."

जेवण तिथंच राहिलं. मी मोबाईल काढला, चिखलाच्या हातानं, आणि तिथंच टाईप केलं, एक शब्द बाजूचा घालावा लागला नाही:

गाड्या झाल्या की बंद | रस्ता पडला मोकळा
बंधूच्या गाडीवरी | जीव माझा झाला गोळा

जुन्या ओव्यांत बंधू बैलगाडी घेऊन न्यायला येतो, शिंगांना गोंडे बांधलेले असतात. इथं स्प्लेंडर. "बंधूच्या गाडीवरी" म्हटलं की दोन्ही त्यात मावतात, आणि ते चांगलं झालं, कारण मी आधी "स्प्लेंडर" शब्द घालायच्या फार मागं होतो, नवीन वाटावं म्हणून. आत्ती तेव्हा म्हणाली होती, गाडी म्हण, ज्याला जी दिसायची ती दिसंल.

मधे एक प्रयोग फसला तोही सांगतो. गौरीच्या आधी गावातल्या पोरांनी म्हटलं रेकॉर्ड करू, युट्यूबला टाकू. शहरातल्या एका स्टुडिओत गेलो, बायका पाच जणी, कामावर खाडा करून आलेल्या. तिथल्या माणसानं कीबोर्डवर ठेका लावला, वेग वाढवला, पट्टी चढवली आणि सांगितलं, टाळ्या नकोत, टाळ्यांचा आवाज माईकमध्ये फुटतो, ते आम्ही नंतर घालू. टाळी बंद केली आणि बायकांना गाणंच म्हणता येईना. एकीला दुसरी ओळ आठवंना, एकीचा श्वास पुरेना. तीन तास, पैसे गेले, आणि बायका परत येताना गाडीत अगदी गप्प होत्या, आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. जात्याशिवाय आत्तीला ओवी येत नाही हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं, तरी मी त्यांना टाळीशिवाय उभं केलं. झिम्म्यात टाळी म्हणजे नुसता ताल नव्हे, समोरच्या बाईचा हात आहे तो, तो हात येणार म्हणूनच तोंडातनं शब्द येतो.

लोकगीत म्हणजे काहीतरी खालचं, सोपं असं मानणारे भेटतात, सुशिक्षित असतात. त्यांना मी एवढंच सांगतो की कुमार गंधर्व आमच्या इथले, बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ ला जन्मलेले, आजारपणामुळं देवासला जाऊन राहिले आणि माळव्यातल्या बायकांची गाणी कान देऊन ऐकली, त्या धुनांमधनं त्यांनी नवे राग काढले. एवढ्या मोठ्या माणसाला तिथं ऐकण्यासारखं होतं.

गौरी आल्या. रात्री देवळापुढच्या पटांगणात बायका जमल्या, मी पारावर बसलो होतो, पुरुषांनी लांबच बसायचं असतं. पहिलं जुनं झालं, दुसरं जुनं, मग ती टाळीवाली बाई पुढं आली आणि "बाचीपातुर सून" सुरू झालं. पहिल्या फेरीला शब्द नीट कळत नव्हते, दुसऱ्या फेरीला सगळ्यांनी धरलं. वैनी मधे होत्या, त्या म्हणत नव्हत्या, नुसत्या टाळ्या देत होत्या. तिसऱ्या कडव्याला त्या म्हणायला लागल्या. नंतर बायका आपापली गावं घालायला लागल्या, खानापूरकडची एक, गडहिंग्लजकडची एक, जिचं माहेर त्याच रस्त्यावर नाही तिनं बाची काढून स्वतःचा थांबा घातला, अक्षरं कमी-जास्त झाली, गिळली, ओढली, फेरा चुकला नाही.

धाकटी भावजय रिंगणात होती. घरी येताना वाटेत ती मला म्हणाली, "भावजी, आमच्या गावाला नाका न्हाई की. मी हिकडं पण कर्नाटकातच, तिकडं पण कर्नाटकातच. मी सून कुठपातुर आणि लेक कुठनं?" मी म्हटलं, तूच सांग. ती थोडं चालली. म्हणाली, "संपगावच्या पुढं गाडीत सगळी कन्नड बोलायला लागतात. तितनं."

सोप्यात आल्यावर आत्ती जागी होती, तिला ते सांगितलं. आत्ती म्हणाली, मग आईच्या जागी अव्वा घाल तिच्यासाठी. मी बोटावर मोजलं. आई, दोन. अव्वा, दोन. भावजयीनं टाळी धरली, आत्तीनं बसल्या जागी मांडीवर थाप दिली, आणि रात्री साडेबाराला आमच्या सोप्यात तिघांनी ते म्हणून बघितलं:

अव्वाच्या वाटेवरी | पाय पडंना वाकडं